चाळीस टक्के आणि एक टक्का : व्हिस्कीचे वाचन व रुचीचा खरेपणा

डेव्हिड डेचेस हे नाव आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना परिचित असते ते 'क्रिटिकल अ‍ॅप्रोचेस टु लिटरेचर' (१९५६) ह्या ग्रंथामुळे आणि इंग्रजी साहित्याच्या त्यांनी लिहिलेल्या इतिहासामुळे. ह्याच डेचेस ह्यांनी १९६९ साली, ससेक्स विद्यापीठात प्राध्यापक असताना, स्कॉच व्हिस्कीचा भूतकाळ आणि वर्तमान सांगणारे एक पुस्तक लिहिले. त्याचा उल्लेख आपल्या वर्गांतून सहसा होत नाही. एका समीक्षकाने सुट्टीत केलेला उद्योग म्हणून ते बाजूला ठेवण्याकडे कल असतो. परंतु साहित्यकृतीकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टींचा विचार करणाऱ्या माणसाला, जिभेवर क्षणभर टिकून नाहीशा होणाऱ्या वस्तूविषयीही ग्रंथ लिहावासा वाटतो, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. वाचनाने आस्वाद घडतो, असे साहित्याच्या बाबतीत गृहीतच धरलेले असते. हे गृहीत तपासायचे असेल, तर ज्या रुचीविषयी आपल्या मनात आदर नाही अशा रुचीपासून आरंभ करणे अधिक सोयीचे.

प्रश्न असा आहे. एखाद्या प्रौढ माणसाला व्हिस्कीचा पहिला घोट उग्र, जळजळीत आणि निरर्थक वाटतो. पुढे तो तिच्याविषयी वाचू लागतो. सातू भिजवून त्याला मोड कसे आणतात, पीटच्या धुरावर ते कसे वाळवतात, तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन कसे होते, ओकच्या पिंपात तो अर्क वर्षानुवर्षे का ठेवतात, हे त्याला कळते. आस्वादाची वर्णने तो वाचतो. काही महिन्यांनी त्याच पेल्यात त्याला मध, धूर, सुका मेवा, समुद्राचे खारे वारे जाणवू लागतात, आणि व्हिस्की आवडते असे तो म्हणू लागतो. त्याची ही आवड खरी की वाचलेली? पुस्तकांनी त्याला पेल्यातले काही दाखवले, की पेल्यात नसलेले काही त्याच्या जिभेवर ठेवले? ह्याला जोडूनच दुसरा, नैतिक प्रश्न येतो. जे आवडत नाही ते आवडून घेण्यासाठी माणसाने खटपट का करावी, आणि ती करताना तो स्वतःशी कितपत प्रामाणिक असतो?

व्हिस्कीच्या आस्वादाची ही परिभाषा फार जुनी नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आल्फ्रेड बर्नार्ड ह्यांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधील दीडशेहून अधिक भट्ट्यांना भेटी देऊन १८८७ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात इमारती आहेत, पाणचक्क्या आहेत, पिंपांच्या क्षमता गॅलनांत दिलेल्या आहेत, वाटेवरचे डोंगर आणि निर्झर आहेत, फक्त चव जवळजवळ नाही. १९०८ ते १९०९ ह्या काळात ब्रिटिश सरकारने नेमलेल्या राजआयोगापुढे 'व्हिस्की म्हणजे काय' हा प्रश्न आला. त्याचे उत्तर आयोगाने धान्य, माल्ट आणि ऊर्ध्वपातन ह्यांच्या भाषेत दिले, चवीच्या नव्हे. आस्वादक नावाची व्यक्ती ठळकपणे पुढे येते ती १९३० साली 'ईनियस मॅक्डोनल्ड' ह्या टोपणनावाने जॉर्ज माल्कम टॉमसन ह्यांनी लिहिलेल्या 'व्हिस्की' ह्या छोट्या पुस्तकात. पाच वर्षांनी कादंबरीकार नील गन ह्यांचे 'व्हिस्की अँड स्कॉटलंड' आले. गन हे स्वतः अबकारी अधिकारी होते, आणि दीडशे वर्षांपूर्वीचे बर्न्सही. ज्यांनी कराच्या वहीत व्हिस्की मोजली त्यांनीच ती साहित्यात आणावी, हा स्कॉटलंडचा खास योग म्हटला पाहिजे. १९६३ पासून एका भट्टीची 'सिंगल माल्ट' व्हिस्की स्कॉटलंडबाहेर पद्धतशीरपणे विकली जाऊ लागली, १९७०च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरोजवळील संशोधकांनी चवींचे चक्र रेखाटले, आणि १९८९ साली मायकेल जॅक्सन ह्यांच्या माल्ट व्हिस्कीवरील मार्गदर्शक पुस्तकाने गंध, चव, अखेर आणि शंभरपैकी गुण असा साचा रूढ केला. बाजारपेठ आणि परिभाषा एकमेकींचा हात धरून वाढल्या, हे उघडच आहे.

ह्यावरून घाईने असा निष्कर्ष काढला जातो की, ही चव म्हणजे बाजाराने निर्माण केलेला शब्दांचा खेळ आहे. हा निष्कर्ष टिकणारा नाही. बर्नार्डच्या काळातील भट्टीवाल्यांना चव कळत नव्हती असे मानायला काहीच आधार नाही. पिंपे निवडणारी, मिश्रणे जमवणारी माणसे तेव्हाही होती आणि त्यांचा व्यवसायच त्या ओळखीवर चालत होता. त्यांच्यापाशी नव्हती ती ज्ञानेंद्रियाबाहेर जाणारी भाषा. अनुभव असणे वेगळे आणि तो दुसऱ्याच्या हाती देता येणे वेगळे. ओव्या दळणाऱ्या स्त्रियांना ओवीची लय कळत होती. छंदःशास्त्र त्यांच्यापाशी नव्हते.

चवीविषयीच्या शब्दांना पेल्यात आधार असतो का, ह्या प्रश्नाची चर्चा डेव्हिड ह्यूम ह्यांच्या १७५७ सालच्या अभिरुचीच्या निकषावरील निबंधापासून करण्याची प्रथा आहे. ह्यूम हे एडिंबरोचे, पण निबंधातील दृष्टान्त स्पेनचा आणि वाइनचा. सँको पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातील वाइनबद्दल मत विचारले जाते. एक म्हणतो, वाइन उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. सगळे हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी एक जुनी किल्ली सापडते, चामड्याच्या वादीला बांधलेली. ह्यूमच्या हाती ही गोष्ट थोडी बदलली आहे. सेर्व्हांतेसच्या मूळ प्रसंगात दोघांपैकी एकच जण जिभेने चव घेतो. दुसरा पेला फक्त नाकाशी नेतो. हा तपशील ह्यूमला महत्त्वाचा वाटला नाही. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

व्हिस्कीच्या बाबतीत अशा किल्ल्या रसायनशास्त्राने बऱ्याच शोधून काढल्या आहेत. पीटच्या धुरातून येणारी ग्वायाकोल आणि क्रेसॉल ही द्रव्ये म्हणजे 'धूर' आणि 'औषधी वास' ह्या शब्दांच्या किल्ल्या. ओकच्या लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन येते. त्याच लाकडातील लॅक्टोनमुळे नारळाचा भास होतो. आंबवण्याच्या क्रियेत तयार होणारे एक एस्टर खरोखरच केळ्याच्या वासाचे असते. व्हिस्कीत थोडे पाणी घातले की गंध खुलतो, हा पुस्तकांतून वाचायला मिळणारा सल्ला केवळ शिष्टाचार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात असे दिसले की, अल्कोहोलचे प्रमाण कमी झाले म्हणजे ग्वायाकोलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी अधिक राहतात. तेव्हा वाचकाला धूर जाणवू लागला तो पुस्तकाने भुलवल्यामुळे, असे म्हणता येत नाही. धूर होताच. पहिल्या घोटाच्या वेळी तो जळजळीखाली झाकला गेला होता.

परंतु सगळ्या शब्दांच्या किल्ल्या सापडत नाहीत. 'समतोल', 'व्यामिश्र', 'अभिजात', 'मनमोकळी' ही विशेषणे कोणत्या रेणूकडे बोट दाखवतात? मराठी समीक्षेच्या वाचकाला ही अडचण नवी वाटणार नाही. कवितेतील अनुप्रास दाखवता येतो, अक्षरे मोजता येतात. 'तरलता' आणि 'सेंद्रियता' मात्र पिंपाच्या तळाशी सापडत नाहीत. येथे ह्यूमपेक्षा आर्नल्ड आयझेनबर्ग ह्यांचा १९४९ सालचा समीक्षाव्यवहारावरील निबंध अधिक उपयोगी पडतो. समीक्षक जी कारणे देतो ती मूल्यनिर्णय सिद्ध करण्यासाठी नसतात, तर वाचकाची किंवा प्रेक्षकाची दृष्टी विशिष्ट रीतीने वळवण्यासाठी असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शब्दाचा अर्थ पुरा होतो तो कलाकृतीसमोर, पाहताना. फ्रँक सिब्ली ह्यांनी दहा वर्षांनी हेच वेगळ्या अंगाने मांडले: सौंदर्यवाचक संज्ञा कोणत्याही अटींच्या यादीवरून लावता येत नाहीत, पण त्या शिकवता येतात, बोट दाखवून, उपमा देऊन, पुन्हा पुन्हा सांगून. व्हिस्कीवरील आस्वादटिपण वाचून बाजूला ठेवले तर ते हास्यास्पद वाटते, हे ह्यावरून समजू शकते. ते पेल्याशेजारी वाचण्यासाठी लिहिलेले असते. ह्याच कारणाने कवितेवरील चांगले विवेचन कविता न वाचणाऱ्याला पोकळ वाटते.

तथापि दृष्टी वळवणारा तिला चुकवूही शकतो, आणि आयझेनबर्गच्या मांडणीत ह्या धोक्याची पुरेशी दखल नाही. एड्रियन लेरर ह्या भाषावैज्ञानिक विदुषीने वाइनविषयीच्या संभाषणावर १९८३ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील प्रयोगांत सामान्य पिणाऱ्यांना एकमेकांच्या वर्णनांवरून नेमकी वाइन ओळखणे फारसे साधले नाही. बोलण्याचा आनंद मात्र सर्वांनी घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दो येथील प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. वाइनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून देण्यात आली, आणि तिचे वर्णन त्यांनी तांबड्या वाइनला लावले जाणारे शब्द वापरून केले. हे विद्यार्थी अडाणी नव्हते; ते शिकलेले होते, आणि त्यांची चूक शिकल्यामुळेच शक्य झाली. ज्याला तांबड्या वाइनची परिभाषा ठाऊकच नाही तो ह्या सापळ्यात त्या रीतीने सापडणार नाही. व्हिस्कीच्या बाबतीत हा धोका कायद्यातच सामावलेला आहे, कारण स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी साधे कॅरामेल मिसळण्यास २००९ च्या नियमांनुसार मुभा आहे. गडद रंग म्हणजे शेरीचे जुने पिंप, असे पुस्तकात वाचलेल्याला तो रंगच मनुकांची चव देऊन जातो.

मग वाचलेली रुची खरी केव्हा म्हणायची? जी रुची पुस्तकाच्या विरोधात जाऊ शकते ती खरी, असे येथे सुचवावेसे वाटते. पुस्तकात शंभरपैकी पंचाण्णव गुण मिळालेली व्हिस्की ज्याला एकदाही निराश करू शकलेली नाही, त्याची रुची अजून पुस्तकाच्याच ताब्यात आहे. पहिल्या घोटाची नावड ही रुची नव्हती, कारण तिला काही दिसलेलेच नव्हते. नंतरची सर्वसंमत आवड हीही रुची नव्हे. ह्या दोहोंच्या पुढे, शब्द हाती घेऊन शब्दांशी भांडता येऊ लागते, तिथे काहीतरी सुरू होते.

आता हेतूचा प्रश्न. नावडते ते आवडून घेण्याची खटपट बहुधा प्रतिष्ठेसाठी होते, हे मान्य करावे लागते. वरिष्ठांच्या बैठकीत बसता यावे, परदेशातून आलेल्या बाटलीची कदर करता यावी, आपण 'तसले' पिणारे नाही हे दिसावे, अशा हेतूंनी पहिले पुस्तक उघडले जाते. पण हेतू हलका म्हणून फळही खोटे, असा न्याय लावला तर कोणतेही शिक्षण टिकणार नाही. अ‍ॅग्नेस कॅलर्ड ह्यांनी आकांक्षेवरील आपल्या ग्रंथात (२०१८) ह्या अवस्थेचे सूक्ष्म विश्लेषण केले आहे. ज्याला एखाद्या मूल्याची अजून पुरती ओळख झालेली नाही, तो त्या मूल्यासाठी धडपडतो तेव्हा त्याची कारणे दुतोंडी असतात. एक तोंड आजच्या, हाताशी असलेल्या लोभाकडे वळलेले असते आणि दुसरे, पुढे जे कळणार आहे त्याकडे. मराठीत ह्यांना 'उसनी कारणे' म्हणता येईल. माणूस ती स्वतःच्याच भावी रूपाकडून उसनी घेतो. परीक्षेसाठी ज्ञानेश्वरी वाचायला घेतलेला विद्यार्थी पुढे परीक्षा विसरून ओवीत रमतो, तेव्हा त्याने उसने फेडलेले असते. न फेडणारेही पुष्कळ असतात, आणि त्यांच्या हाती केवळ शब्द राहतात.

ज्ञानेश्वरी आणि व्हिस्की ह्यांना एकाच वाक्यात आणल्याचा राग काहींना येईल. कांटचा आधार घेऊन हा राग तात्त्विक भाषेत मांडता येतो. १७९० सालच्या त्यांच्या ग्रंथात कॅनरी बेटांवरील वाइन हे उदाहरण येते ते केवळ सुखद आणि सुंदर ह्यांतील भेद दाखवण्यासाठीच. वाइन 'मला' सुखद वाटते एवढेच म्हणता येते. सुंदर वस्तूबद्दल मात्र सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरली जाते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा भेद मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे, इतका की तो बहुतेकदा तपासलाच जात नाही. वस्तुतः भारतीय परंपरेचा आरंभ नेमका उलट टोकाला होतो. भरताने रसाची कल्पना समजावून दिली ती नाना व्यंजनांनी युक्त अन्नाच्या दृष्टान्ताने, आणि अभिनवगुप्त व मम्मट ह्यांनी पानकरसाचा, म्हणजे एका पेयाचाच, दाखला दिला: अनेक द्रव्ये मिसळून त्यांतील कोणत्याही एका द्रव्यात नसलेली चव तयार होते. कांट जे सौंदर्यशास्त्राच्या दाराबाहेर ठेवतो, त्याच गोष्टीपासून आपल्या काव्यशास्त्राची चर्चा सुरू होते. दृष्टान्त म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे खरे. पण सहृदयाचे लक्षण सांगताना अभिनवगुप्त काव्याच्या सततच्या अनुशीलनाने स्वच्छ झालेल्या मनाच्या आरशाची अट घालतो, म्हणजे वाचनाने घडलेली ग्रहणशक्ती ही त्याला खोटी वाटत नाही, उलट ती आस्वादाची पूर्वअट वाटते. आस्वादक जन्मतो की घडतो, ह्या वादात तो अभ्यासाला कमी लेखत नाही.

ह्यानंतरची अडचण भाषेची आहे, आणि मराठी वाचकापुरती ती सर्वांत खरी आहे. व्हिस्कीवरचे त्याचे सारे वाचन इंग्रजीतून होते. पुस्तक सांगते, ह्यात हेदरच्या फुलांचा मध आहे, नाताळच्या केकची चव आहे, जुन्या चामडी खुर्चीचा वास आहे. हेदर त्याने पाहिलेले नसते. नाताळचा केक वसईच्या किंवा गोव्यातील ख्रिस्ती घरात वाढलेल्याच्या स्मृतीत असू शकतो, इतरांच्या क्वचितच. तरीही तो मान डोलावतो आणि 'हेदर' म्हणतो. येथे बोर्दोच्या विद्यार्थ्यांपेक्षाही बिकट स्थिती आहे, कारण त्या विद्यार्थ्यांनी तांबडी वाइन निदान चाखलेली होती. जी वस्तू कधी अनुभवलीच नाही तिची उपमा अनुभवाला देणे, हा आस्वाद नसून पाठांतर आहे.

मराठीत वासांची आणि चवींची संपत्ती थोडी नाही. खमंग, खरपूस, करपट, धुरकट, कुबट, उबट, खवट, आंबूस, तुरट, वशाट, हिरवट. ह्यांतील प्रत्येक शब्द नेमका आहे आणि काहींना इंग्रजीत एका शब्दाचा पर्याय नाही. आयला बेटावरील (मराठी कानाला हा उच्चार दचकवणारा असला तरी तोच योग्य आहे) काही व्हिस्कींना पुस्तके 'औषधी' म्हणतात. मराठी आस्वादकाला तिथे सरकारी दवाखान्यातील फिनेलने पुसलेली फरशी आठवली, टिंक्चर आयोडिन आठवले, पावसाळ्यात चुलीत ओल्या शेणीचा कोंडलेला धूर आठवला, तर तो पुस्तकापासून दूर गेला असे नव्हे, तो पेल्याजवळ आला. त्याला मिळालेली किल्ली तीच आहे, फिनॉल वर्गातील द्रव्यांची. वादी मात्र त्याच्या घरची आहे. विसाव्या शतकातील मराठी समीक्षेने इंग्रजीतून घेतलेल्या संज्ञांचे जे झाले तेच येथे दिसते. ज्या संज्ञा मराठी कृतींवर घासून पाहिल्या गेल्या त्या आपल्या झाल्या. ज्या तशाच राहिल्या त्या हेदरसारख्या, उच्चारल्या गेल्या पण फुलल्या नाहीत.

पुस्तकाशी भांडण्याची संधी हल्ली जवळच मिळते. बंगळूरच्या 'अमृत' ह्या माल्ट व्हिस्कीची विक्री २००४ साली ग्लासगोत सुरू झाली, आणि गोव्यात गाळली जाणारी 'पॉल जॉन' २०१२ साली ब्रिटनच्या बाजारात आली. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के अर्क उडून जातो. ह्याला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात. दक्षिण भारताच्या आणि कोकणपट्टीच्या उष्म्यात हे प्रमाण कितीतरी अधिक असते आणि पिंपाचे लाकूडही वेगाने काम करते. त्यामुळे बारा वर्षे, अठरा वर्षे हे जे आकडे वाचकाने श्रेष्ठतेचे माप म्हणून पाठ केलेले असतात, ते गोव्यातील चार-पाच वर्षांच्या व्हिस्कीपुढे निरुपयोगी ठरतात. जिभेवर विश्वास ठेवायचा की आकड्यावर, हे त्याला तिथे ठरवावे लागते.

येथपर्यंतचे विवेचन वाचलेल्या रुचीच्या बाजूचे झाले. एक गोष्ट मात्र त्यात अजून आलेली नाही, आणि तिचे न येणे हेच ह्या वाङ्मयाचे लक्षण आहे. व्हिस्कीत किमान चाळीस टक्के अल्कोहोल असते. धूर, मध, व्हॅनिला, नारळ ही सारी गंधद्रव्ये एकत्र केली तरी ती द्रवाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतात. व्हिस्कीविषयीचे आस्वादपर लेखन जवळजवळ सगळे ह्या एका टक्क्याविषयी आहे. उरलेल्या चाळिसांविषयी ते बोलत नाही. बोललेच तर 'ऊब' ह्या शब्दात त्याची वासलात लावते. चवींच्या चक्रावर नशेचा आरा नाही.

मराठीत नेमके ह्याच्या उलट आहे. आपल्या भाषेत नशेसाठी झिंग, कैफ, अंमल, तार, धुंदी असे शब्द आहेत, चढणे-उतरणे आहे, तर्र आणि टुन्न आहेत. मद्याच्या चवीसाठी मात्र 'कडू' ह्यापलीकडे रूढ शब्द मिळणे कठीण. इतकेच नव्हे तर पिण्याची क्रियाही कर्म गाळून सांगितली जाते: अमुक 'घेतात', आज 'बसायचे' आहे. काय घेतात आणि कशासाठी बसायचे, हे वाक्यात येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य बाळगणे आणि पिणे परवान्यावर अवलंबून ठेवले, त्यालाही ह्या मौनाचा काही संबंध असावा. मराठीतील मद्याविषयीची सर्वांत समर्थ कृती, गडकऱ्यांचे 'एकच प्याला' (१९१९), चाळीस टक्क्यांविषयीच आहे. गडकऱ्यांचे थोरपण असे की, त्यांनी मद्याबरोबर मद्याची भाषाही रंगमंचावर आणली. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ म्हणजे दारुड्यांचा नुसता घोळका नव्हे. त्याला नाव आहे, सभासद आहेत, वादविवादाची रीत आहे, युक्तिवाद आहेत. पिणे आपले समर्थन स्वतःच कसे तयार करते, आणि ते समर्थन किती विनोदी व किती रसाळ असू शकते, हे तिथे दिसते. प्रेक्षक हसतो, आणि त्याच हसण्यातून सिंधूच्या घरापर्यंत जाऊन पोहोचतो.

व्हिस्कीचा वाचक हा त्या मंडळाचा सुसंस्कृत सभासद आहे काय? हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याचे उत्तर सरळ 'नाही' असे देता येत नाही. सेर्व्हांतेसच्या गोष्टीतील तो दुसरा नातलग येथे आठवावा, ज्याने पेला केवळ नाकाशी नेला. व्हिस्कीची मिश्रणे करणारे व्यावसायिक आजही असेच काम करतात. अर्कात पाणी घालून तो वीस टक्क्यांच्या आसपास आणतात, हुंगतात, आणि बहुधा पीत नाहीत. एका टक्क्याचे संपूर्ण ज्ञान नाकाने मिळू शकते. तेव्हा रसिकाचे प्रेम खरोखर एका टक्क्यावरच असते, तर हुंगून पेला ओतून टाकणे त्याला पुरेसे वाटायला हवे होते. तसे कोणी करत नाही. चाळीस टक्के हे त्याच्या आनंदात आहेतच. एका टक्क्याच्या भाषेमुळे ते त्याला स्वतःपासून झाकता येतात. परिष्कृत रुची ही ढोंग असते असा ह्याचा अर्थ नाही. परंतु खरी असलेली रुचीही आडोशासारखी वापरता येते, आणि खरी असल्यामुळे तो आडोसा अधिक भक्कम होतो, एवढे मान्य करावे लागते.

हा आडोसा सर्वांना सारखा उपलब्ध नाही, ह्याचीही नोंद झाली पाहिजे. देशी दारूच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणी आस्वादक म्हणत नाही. त्याच्या पेल्यातही काही गंधद्रव्ये असतात, पण त्यांचे चक्र कोणी काढलेले नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकाने बंद पाडली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवली गेली. ह्या साऱ्या घडामोडींत ज्या द्रव्याविषयी मतदान झाले ते, रासायनिकदृष्ट्या, माल्ट व्हिस्कीतील चाळीस टक्क्यांहून निराळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, तेही किंमत किंवा वय न पाहता. रुचीची भाषा येथे वर्गाची भाषा होते. वाचलेल्या माणसाचे ते 'व्यासंग' आणि न वाचलेल्याचे ते 'व्यसन'. दोन्ही शब्दांचा उपसर्ग एकच असावा, हा निव्वळ योगायोग आहे. पण तो खटकतो.

ह्यावर कोणी म्हणेल, आस्वादाच्या ग्रंथाकडून आरोग्याच्या पत्रकाची अपेक्षा का धरावी? अपेक्षा पत्रकाची नाही. प्रश्न आस्वादाच्या पूर्णतेचा आहे. जो समीक्षक कवितेतील प्रतिमांवर चाळीस पाने लिहितो आणि ती कविता वाचकाचे काय करते ह्याबद्दल एक ओळही लिहीत नाही, त्याच्याविषयी आपण समाधानी नसतो. व्हिस्की पिणाऱ्याचे काय करते, तिसऱ्या पेल्यानंतर त्याच्या लेखी मध आणि धूर ह्यांचे काय होते, ज्या सूक्ष्म भेदांसाठी तो पीत असल्याचे सांगतो ते भेद ओळखण्याची शक्ती पिण्यानेच कशी मंदावते, ह्याचे वर्णनही आस्वादाच्याच भाषेत शक्य आहे. आणि ते वर्णन 'झिंग' व 'अंमल' ह्यांतील फरक जाणणाऱ्या मराठीत इंग्रजीपेक्षा अधिक नेमके होण्याची शक्यता आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या मद्याच्या बाटलीवर २०१९ पासून, अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार, मद्यसेवन आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन वाहन न चालवण्याचा इशारा छापावा लागतो. माल्ट व्हिस्कीच्या अनेक बाटल्यांच्या वेष्टनावर त्याच्या जवळपासच आस्वादटिपणही असते: गंध, चव, अखेर. वाचक पेला भरण्यापूर्वी ते टिपण वाचतो, कधी मोठ्यानेही वाचून दाखवतो. इशाऱ्याचा मजकूरही त्याच कागदावर असतो.